जुन्या टूरिंग मोटारसायकलच्या इंजिनातील अनोळखी आवाज: आधी ‘केव्हा’, मग ‘कोठून’

वीस-तीस वर्षे चाललेली टूरिंग मोटारसायकल नव्याने हाती आली, की पहिले काही आठवडे मालकाचे निम्मे लक्ष रस्त्यावर आणि निम्मे इंजिनाच्या आवाजावर असते. एखादी टकटक किंवा खडखड कानावर पडली की पहिला प्रश्न मनात येतो तो ‘हा आवाज कोठून येतो’ हा, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. इंजिनाचे आवरण, चेसिस, टाकी आणि फेअरिंग (वारा अडवणारे बाहेरचे आवरण) हे सारे मिळून एक मोठे ध्वनिपात्र तयार होते. डाव्या बाजूच्या सैल पट्टीचा आवाज त्यामुळे उजव्या फेअरिंगवरून परतून कानावर येतो आणि सायलेन्सरच्या जोडातील गळती हुबेहूब व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटसारखी वाजते. जागेच्या बाबतीत कान सहज चुकतो, वेळेच्या बाबतीत मात्र तो क्वचितच चुकतो. आवाज थंड इंजिनावर येतो की गरम झाल्यावर, क्लच दाबल्यावर थांबतो की सुरू होतो, चढावर वाढतो की थ्रॉटल सोडल्यावर, हे नवशिक्यालाही अचूक सांगता येते. म्हणून या लेखात तपासणीचा क्रम मुद्दाम तसाच ठेवला आहे. आधी आवाज केव्हा येतो ते नीट नोंदवावे, मग तो कोठून येतो ते शोधावे आणि पाना त्यानंतरच हातात घ्यावा.

आधी आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे ते जाणून घ्यावे

एका इंजिनासाठी धोक्याचा असलेला आवाज दुसऱ्या इंजिनाचा रोजचा स्वर असू शकतो. होंडा गोल्ड विंगचेच उदाहरण घेता येईल. १९७५ सालचे जीएल१००० हे पाण्याने थंड होणारे आडवे चार सिलिंडरचे इंजिन आहे. त्यात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) दातेरी पट्ट्यांवर फिरतात आणि टॅपेटची फट स्क्रूने जुळवावी लागते. १९८४ च्या जीएल१२०० मध्ये ही फट हायड्रॉलिक यंत्रणा स्वतःच भरून काढते, म्हणजे तेथे ‘टॅपेट सेट करून घ्या’ हा सल्लाच लागू पडत नाही. १९८८ च्या जीएल१५०० मध्ये सिलिंडर सहा झाले, पण कॅमचे पट्टे कायम राहिले. होंडाच्याच एसटी११०० मध्येही पट्टा आहे, त्यामुळे या गाड्यांवर ‘कॅम चेन खडखडते’ असे निदान कोणी केले तर ते मुळातच चुकीचे असते. याउलट बीएमडब्ल्यूच्या आर१००आरटीसारख्या हवेने थंड होणाऱ्या बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरच्या) इंजिनाभोवती आवाज शोषून घेणारे पाण्याचे कवच नसते. त्याचे व्हॉल्व्ह पुशरॉडवर चालतात, आणि निरोगी असतानाही ते थोडी टिकटिक करतेच. बीएमडब्ल्यूच्या के१०० मालिकेत पेट्रोल इंजेक्टरमधून जाते आणि प्रत्येक इंजेक्टर आपल्या लयीत बारीक टिकटिकतो. ती टिकटिक दोष नव्हे.

म्हणून पहिली पायरी म्हणजे आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवणे. कॅमला चेन आहे की पट्टा, टॅपेट स्क्रूचे आहेत, शिमचे (पातळ चकत्यांचे) आहेत की हायड्रॉलिक, क्लच तेलात बुडालेला आहे की कोरडा, आणि आयडलचा (थ्रॉटल न उघडता इंजिन चालते तो) वेग किती असावा, या चार गोष्टी त्यातून एका कागदावर उतरवून घ्याव्यात. शक्य असल्यास त्याच मॉडेलची, चांगल्या स्थितीतील दुसरी गाडी सुरू करून पाच मिनिटे शांतपणे ऐकावी. या पाच मिनिटांचा जेवढा उपयोग होतो, तेवढा आवाजांच्या कितीही वर्णनांचा होत नाही.

इंजिन सुरू करण्यापूर्वी

गाडी सपाट जागी, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे सरळ उभी करून ऑइलची पातळी पाहावी. हे इतके साधे आहे की अनुभवी माणसेही ते विसरतात. ऑइल कमी असेल तर टॅपेट, चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि बेअरिंग हे सारे एकाच वेळी तक्रार करू लागतात, आणि आपण तीन वेगवेगळे दोष शोधत बसतो. पातळीबरोबर ऑइलचा वासही घ्यावा. त्याला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर कार्बुरेटरमधील पेट्रोल रोखणारी निडल नीट बंद होत नसून पेट्रोल इंजिनात उतरत असण्याची शक्यता मोठी आहे. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगला आधार देऊ शकत नाही, म्हणून ते बदलून मूळ दोष दूर केल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. ऑइल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे. केवळ झाकणाच्या आत थोडा पांढरट साय असणे हे थंडीत लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीत आढळते, पण संपूर्ण ऑइलच दुधाळ असणे ही वेगळी आणि गंभीर बाब आहे.

त्यानंतर गाडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक पत्रा, पट्टी आणि ब्रॅकेट हाताने हलवून पाहावे. टूरिंग गाडीवर अशा वस्तूंची संख्या मोठी असते. सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्रा, क्रॅश गार्ड, फेअरिंगचे रबरी बूच, काचेचे ब्रॅकेट, डिकीचे कुलूप, इंजिनाला चेसिसशी जोडणारे बोल्ट यांपैकी एखादी गोष्ट ठरावीक वेगालाच थरथरते आणि ऐकणाऱ्याला इंजिन मोडत असल्याचा भास होतो. ‘फक्त मिनिटाला २,८०० फेऱ्यांनाच खर्र असा आवाज येतो, त्याच्या खाली-वर काहीच नाही’ अशी तक्रार असेल, तर आधी इंजिनाबाहेरच्या सैल वस्तूवर संशय घ्यावा. बेअरिंगचा दोष सहसा एवढ्या अरुंद पट्ट्यात वावरत नाही.

आयडलचा वेगही याच टप्प्यावर तपासावा. मोठ्या टूरिंग इंजिनांचा आयडल साधारणपणे मिनिटाला ८०० ते १,१०० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. तो ठरलेल्या आकड्यापेक्षा खाली गेला, की क्रँकचा (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) प्रत्येक झटका क्लच आणि त्याच्याकडे शक्ती नेणाऱ्या प्रायमरी चेनपर्यंत पोचतो आणि इंजिन खडखडू लागते. एकाहून अधिक कार्बुरेटर असलेल्या गाड्यांत ते एकमेकांशी जुळलेले नसले तरी हेच घडते. चार सिलिंडरच्या जुन्या गोल्ड विंगमध्ये प्रायमरी चेन आहे, आणि त्या गाड्यांच्या आयडलच्या खडखडीत कार्बुरेटरच्या असमतोलाचा वाटा बराच मोठा असतो. व्हॅक्यूम गेज लावून चारही कार्बुरेटर समान केल्यावर तीच चेन शांत झालेली आढळते. क्लच उघडण्यापूर्वी हे काम केलेले केव्हाही चांगले.

पाच प्रश्न आणि एक वही

आता एक वही घ्यावी आणि पुढच्या पाच प्रश्नांची उत्तरे किमान दोन वेगवेगळ्या दिवशी लिहून काढावीत. एकदाच ऐकून लिहिलेली उत्तरे बहुधा आपल्या भीतीने रंगलेली असतात.

पहिला प्रश्न तापमानाचा आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर पहिल्या दोन-चार सेकंदांत आवाज येऊन तो लगेच थांबत असेल, तर ऑइलचा दाब पोचेपर्यंत हायड्रॉलिक टॅपेट किंवा हायड्रॉलिक टेन्शनर रिकामा राहत आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पहिली काही मिनिटे बोथट ठकठक होऊन इंजिन तापल्यावर ती विरघळत असेल, तर सिलिंडरमध्ये पिस्टन किंचित सैल झाला असावा. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे बिडाचे स्लीव्ह असलेल्या इंजिनात गरम झाल्यावर ही फट भरून निघते. अशा इंजिनावर पुढे अनेक वर्षे प्रवास करता येतो. याच्या नेमकी उलट वागणूक अधिक काळजीची असते. थंड असताना इंजिन शांत असेल आणि चांगले तापून ऑइल पातळ झाल्यावर ठोका सुरू होत असेल, तर तो बेअरिंगमधील झिजेचा मोठा संकेत आहे.

दुसरा प्रश्न इंजिनाच्या वेगाचा आहे. वेग वाढवला की आवाज त्याच प्रमाणात भरभर होतो का, की एका टप्प्यानंतर तो नाहीसा होतो? सैल कॅम चेन आयडलच्या थोडे वर खळखळते आणि थ्रॉटल सोडून वेग उतरत असताना अधिक स्पष्ट ऐकू येते, कारण त्या वेळी चेनचा ताणलेला भाग ढिला पडतो.

तिसरा प्रश्न भाराचा आहे. उंच गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर थ्रॉटल उघडल्यावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा किणकिणाट होत असेल, तर पेट्रोल-हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये अवेळी आणि एकदम पेट घेत आहे. कमी ऑक्टेनचे पेट्रोल, साठलेला कार्बन, फार पुढे गेलेले इग्निशन टायमिंग, पेट्रोल कमी पडणारे मिश्रण किंवा अति तापलेले इंजिन ही त्याची नेहमीची कारणे आहेत. येथे कोणताही भाग सैल झालेला नसतो, पण दुर्लक्ष केल्यास पिस्टन भाजतो. त्या क्षणी करायचा उपाय म्हणजे थ्रॉटल कमी करून गिअर उतरवणे.

चौथा प्रश्न क्लचचा आहे आणि तो सर्वात स्वस्त व उपयोगी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवून क्लचचे लिव्हर सावकाश दाबावे आणि सोडावे. न्यूट्रलमध्ये लिव्हर सोडलेले असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरत असतो आणि दाबल्यावर तो थांबू लागतो. त्यामुळे दाबल्यावर जाणारी घरघर गिअरबॉक्सच्या त्या बेअरिंगची किंवा क्लच बास्केटची असते, तर दाबल्यावरच उमटणारी घरघर क्लच रिलीज बेअरिंगची असते. कोरडा क्लच असलेल्या काही गाड्यांत लिव्हर दाबल्यावर प्लेटांची खडखड ऐकू येणे ही त्या रचनेचीच रीत आहे. क्लचचा काहीही परिणाम होत नसेल, तर शोधाची दिशा इंजिनाकडे वळते आणि अर्धे यंत्र एका मिनिटात संशयातून मुक्त होते.

पाचवा प्रश्न गाडीच्या वेगाचा आहे. मोकळ्या, सरळ आणि सुरक्षित रस्त्यावर स्थिर वेगात असताना क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ द्यावे. आवाज गाडीच्या वेगाबरोबर तसाच चालू राहिला, तर तो इंजिनाचा नसून चाकाच्या बेअरिंगचा, शाफ्ट ड्राइव्हच्या जोडाचा, मागच्या गिअर केसचा किंवा वेडावाकडा झिजलेल्या टायरचा आहे. पुढचा टायर लाटेसारखा झिजलेला असला की त्याची घूं अशी गुणगुण इंजिनाची घरघर म्हणून खपून जाते, आणि टूरिंग गाड्यांच्या जड पुढच्या भागामुळे हा प्रकार पुष्कळ वेळा दिसतो.

लय मोजावी

चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या आयडलवर क्रँक सेकंदाला सुमारे सतरा वेळा फिरतो, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे आठ वेळाच उघडतो. सेकंदाला आठ म्हणजे भरभर पण वेगळी ऐकू येणारी टिकटिक. सतराला मात्र ठोके एकमेकांत मिसळून जवळजवळ घरघर होते. सुट्या ठोक्यांची टिकटिक ऐकू येत असेल, तर व्हॉल्व्हच्या यंत्रणेकडे आधी पाहावे.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक मार्गदर्शनांत ती गाळली जाते. प्रत्येक सिलिंडरमध्ये स्फोटही क्रँकच्या दोन फेऱ्यांतून एकदाच होतो. म्हणून स्फोटाच्या जोराने वाजणारा सैल पिस्टन किंवा एक्झॉस्टच्या जोडातील गळती हीसुद्धा निम्म्या वेगाच्याच लयीत वाजते. लय निम्मी आहे एवढ्यावरून टॅपेटचा निवाडा करू नये, त्याने केवळ यादी लहान होते. टायमिंग लाइट उपलब्ध असेल तर तो एका प्लगच्या वायरला लावून त्याच्या चमकीशी आवाज जुळवून पाहता येतो. मात्र बऱ्याच जुन्या गाड्यांत एक कॉइल दोन प्लगना एकाच वेळी ठिणगी देते, त्यामुळे लाइट क्रँकच्या प्रत्येक फेरीला चमकतो. अशा गाडीवर एक चमक सोडून एकीला आवाज येत असेल, तर तो निम्म्या लयीचा समजावा.

आता जागा शोधावी

लांब स्क्रूड्रायव्हर किंवा लाकडी दांडा घेऊन त्याचे एक टोक इंजिनाच्या आवरणावर आणि दुसरे कानाजवळच्या हाडावर टेकवले, की आतला आवाज आश्चर्य वाटावे इतका स्पष्ट ऐकू येतो. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर अधिक चांगले. हे काम उघड्या हवेतच करावे, कारण बंद खोलीत एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. सैल कपडे, मोकळे केस आणि रुमाल दूर ठेवावेत, आणि रेडिएटरचा पंखा कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होतो हे लक्षात असू द्यावे. हवेने थंड होणारे इंजिन उभ्या जागी फार वेळ चालवू नये. एका वेळी दोन-तीन मिनिटे ऐकून ते बंद करावे किंवा समोर मोठा पंखा लावावा.

ऐकताना तुलना करणे महत्त्वाचे आहे. बॉक्सर किंवा आडव्या इंजिनात निसर्गतःच दोन सारख्या बाजू मिळतात. डाव्या व्हॉल्व्ह कव्हरच्या एका ठरावीक बोल्टवर ऐकावे, मग उजव्या बाजूच्या तशाच बोल्टवर ऐकावे. दोन्हीकडे आवाज सारखा असेल तर तो बहुधा त्या इंजिनाचा स्वभाव असतो, आणि एकीकडे वेगळा असेल तर धागा हाती लागला. त्यानंतर वरून खाली यावे: व्हॉल्व्ह कव्हर, कॅम चेनचा किंवा पट्ट्याचा भाग, सिलिंडर, क्रँककेस, क्लच कव्हर, अल्टरनेटर आणि शेवटी पाण्याचा पंप. पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकत असेल आणि तेथेच घरघर असेल, तर पुढे ऐकण्याची गरज नाही, कारण सील आणि बेअरिंग दोन्ही संपत आली आहेत. पट्ट्याच्या गाड्यांत पुढच्या आवरणाजवळ कोरडी किंचाळी येत असेल, तर पट्ट्याला ताण देणाऱ्या पुलीचे बेअरिंग कोरडे पडले असावे. हा दोष पुढे ढकलण्यासारखा नाही, कारण जुन्या गोल्ड विंगसारख्या इंजिनात पट्टा घसरला किंवा तुटला तर उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पट्ट्याचे वय माहीत नसलेली गाडी घेतली असेल, तर आवाज असो वा नसो, पट्टे बदलून घ्यावेत.

मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवणे उपयोगी आहे, पण मोबाइल मोठा आवाज स्वतःहून दाबतो आणि बारीक आवाज उचलतो, त्यामुळे त्यावरून तीव्रता ठरवता येत नाही. एकाच जागी, एकाच अंतरावर आणि एकाच तापमानाला केलेल्या दोन नोंदींची तुलना मात्र विश्वासार्ह ठरते.

टिकटिक: टॅपेट की एक्झॉस्ट?

नवशिक्यांना सर्वाधिक भेडसावणारा आवाज हाच असल्यामुळे त्यावर थोडे थांबतो. मी स्वतः एका जुन्या बॉक्सरवर दोन दिवस टॅपेटची फट पुन्हा पुन्हा मोजत बसलो होतो. फट दर वेळी बरोबर येत होती आणि टिकटिक जात नव्हती. शेवटी सिलिंडरच्या तोंडाशी एक्झॉस्टच्या नटाभोवती काजळीची बारीक रेघ दिसली, आणि नट घट्ट केल्यावर आवाज पूर्ण थांबला. वहीत मी पहिल्याच दिवशी ‘गरम झाल्यावर कमी’ असे लिहिले होते. तापल्यावर धातू प्रसरण पावून जोड आवळला जातो, म्हणून एक्झॉस्टची गळती बहुधा अशीच वागते. ते वाक्य मी लिहिले होते, पण वाचले नव्हते.

म्हणून टिकटिक ऐकू आली की आधी एक्झॉस्टचे प्रत्येक जोड पाहावेत. थंड इंजिनावर जोडाभोवती साबणाचे पाणी लावून इंजिन सुरू केल्यास गळतीच्या जागी बुडबुडे येतात. दुसरा उपाय म्हणजे जाड, ओल्या कापडाची घडी करून सायलेन्सरचे तोंड क्षणभर अर्धवट दाबणे. आतील दाब वाढून फुसफुस आणि टिकटिक दोन्ही वाढल्या, तर गळती सिद्ध झाली. हे थंड इंजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या मिनिटातच, हातमोजे घालून करावे. सैल बसलेला स्पार्क प्लगही असाच आवाज करतो, म्हणून तोही तपासावा.

हे सारे नीट असेल, तर टॅपेटची फट मोजावी. इंजिन पूर्ण थंड असावे आणि ज्या सिलिंडरची फट मोजायची त्याचा पिस्टन दाबाच्या फटक्याच्या (कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या) अगदी वरच्या टोकाला असावा, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. पिस्टन वरच्या टोकाला आल्याचे दाखवणारी खुणेची रेघ क्रँकच्या प्रत्येक फेरीला समोर येते, त्यामुळे केवळ रेघ पाहून न थांबता दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात की नाही ते पाहावे. ते हलत नसतील तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवावा. आर१००आरटीसारख्या बॉक्सर इंजिनात इनलेटला ०.१० मिमी आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी फट ठेवतात. इतर गाड्यांचे आकडे वेगळे असतात आणि ते त्या-त्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत. फीलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) पातळ पट्टी किंचित ओढ लागून सरकली पाहिजे.

आवाज घालवण्याच्या नादात फट ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी कधीही करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. सैल टॅपेट आवाज करतो आणि हळूहळू झिजतो. आवळलेला टॅपेट मात्र आवाजच करत नाही, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण न टेकल्याने त्याची उष्णता निघून जाण्याची वाट बंद होऊन तो भाजून जातो. पूर्वी टिकटिकणारे स्क्रू टॅपेटचे इंजिन फट न जुळवताच आपोआप शांत झाले असेल, तर समाधान मानण्याऐवजी फट लगेच मोजावी.

कॅम चेनची खळखळ

चेन असलेल्या गाडीत टेन्शनर हाताने जुळवायचा आहे की आपोआप काम करणारा आहे, ते पाहावे. आपोआप चालणारा टेन्शनर गंजून किंवा झिजून अडकतो. तो बाहेर काढताना नवीन माणसाकडून दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे बाहेर काढल्यावर त्याची दांडी उसळून पुढे येते आणि तो तसाच परत बसवण्याचा प्रयत्न केला जातो. दांडी मागे नेऊन अडकवल्याशिवाय तो बसवू नये. दुसरी आणि महागडी चूक म्हणजे टेन्शनर काढलेला असताना क्रँक फिरवणे. चेन एक दात जरी उडाली, तरी व्हॉल्व्ह वाकण्याची शक्यता निर्माण होते.

खोल ठोका

बोथट, जड, हातोडीने लाकडावर मारल्यासारखा ठोका क्रँककेसच्या भागातून येत असेल आणि तो गरम इंजिनावर वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. न्यूट्रलमध्ये थ्रॉटल हलकेच २,५०० फेऱ्यांपर्यंत नेऊन सोडल्यावर, म्हणजे भाराची दिशा उलटताना, तो विशेष स्पष्ट होतो. ही परीक्षा एक-दोनदाच करावी, कारण बेअरिंग खरोखरच गेले असेल तर प्रत्येक वेळी नुकसान वाढते. क्रँकच्या मुख्य बेअरिंगचा आवाज याहून खोल, गडगडाटासारखा असतो आणि भार पडल्यावर वाढतो. गजन पिनचा (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनेचा) ठोका मात्र हलका आणि धातूसारखा असतो आणि आयडलच्या आसपास जोडीने पडतो.

कोणत्या सिलिंडरचा दोष आहे हे एकेक सिलिंडर बंद करून कळते. इंजिन बंद करून एका प्लगची कॅप काढावी, त्या कॅपमध्ये जादा प्लग बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूला पक्के टेकवावे आणि मग इंजिन अर्धा मिनिट चालवावे. कॅप मोकळी लोंबकळत ठेवल्यास इलेक्ट्रॉनिक इग्निशन जळू शकते. चालू इंजिनावर कॅप हाताने ओढल्यास मोठा विजेचा झटका बसतो. आजूबाजूला पेट्रोलची गळती नाही याचीही खात्री असावी. सिलिंडर बंद केल्यावर ठोका स्पष्टपणे कमी झाला, तर दोष त्याच सिलिंडरच्या पिस्टन, पिन किंवा रॉडमध्ये आहे. टॅपेटच्या आवाजावर याचा फारसा परिणाम होत नाही.

ऑइलची साक्ष

संशय बेअरिंगपर्यंत पोचला की इंजिन उघडण्यापूर्वी ऑइल काढून पाहावे. ते स्वच्छ भांड्यात काढून उन्हात हलवावे. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे जुन्या इंजिनात नेहमीचे आहे, पण सुयांसारखे तुकडे किंवा चपटे कण असणे नेहमीचे नाही. फिल्टर धातूच्या डब्याचा असेल तर तो फिल्टर कटरने कापावा. करवतीने कापल्यास तिचाच किस आत पडून निदान बिघडते. कागदाच्या घड्या पसरून, पेट्रोलियम द्रावकाने धुऊन उजेडात पाहाव्यात. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, म्हणजे गिअर, चेन किंवा कॅमचे असतात. न चिकटणारे चंदेरी कण ॲल्युमिनियमचे किंवा बेअरिंगच्या वरच्या थराचे असू शकतात, आणि तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर झिजून खालचा उघडा पडला असल्याची शंका धरावी.

ऑइलच्या दाबाचा दिवा विझला म्हणजे दाब पुरेसा आहे, असे समजू नये. तो दिवा अगदी कमी दाबालाच विझतो. खरी स्थिती कळण्यासाठी दाबाच्या स्विचच्या जागी तात्पुरते गेज लावून, गरम इंजिनावर, मॅन्युअलमधील आकड्याशी तुलना करावी लागते. खोल ठोक्यावर जाड ऑइल किंवा आवाज दाबणारे मिश्रण घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने झीज थांबत नाही, फक्त तिची बातमी उशिरा मिळते.

केव्हा थांबावे आणि मेकॅनिकला काय सांगावे

दाबाचा दिवा चालू इंजिनावर पेटला, गरम इंजिनावर खोल ठोका ऐकू आला, ऑइलमध्ये तांबूस चमक किंवा धातूचे तुकडे दिसले, किंवा आवाज अचानक सुरू होऊन काही किलोमीटरांत वाढत गेला, तर गाडी तेथेच बंद करून वाहनातून न्यावी. झिजलेले बेअरिंग वेळेवर बदलले तर बरेचदा क्रँक वाचतो. रॉड तुटून क्रँककेस फुटली, तर जुन्या गाडीसाठी ते आवरण मिळवणे कठीण होऊन बसते.

मेकॅनिककडे जाताना ‘टॅपेट वाजतो, सेट करून द्या’ असे सांगू नये, कारण मग तो तेवढेच करून देतो. वहीतील वाक्ये वाचून दाखवावीत: ‘गरम झाल्यावर येतो, १,५०० ते २,२०० फेऱ्यांमध्ये, थ्रॉटल सोडताना जास्त, क्लचने फरक पडत नाही, उजव्या बाजूला अधिक स्पष्ट.’ चांगला मेकॅनिक अशा वर्णनावरून दोन-तीन शक्यता लगेच बाजूला सारतो. गाडी आदल्या रात्रीच त्याच्याकडे ठेवता आली तर उत्तम, म्हणजे थंड इंजिनाचा पहिला आवाज त्याला स्वतःच्या कानांनी ऐकता येईल.

दुरुस्तीनंतर मूळ नोंद केली होती तशाच तापमानाला, त्याच जागी आणि त्याच अंतरावरून पुन्हा आवाज नोंदवावा आणि दोन्ही नोंदी एकामागोमाग ऐकाव्यात. बेअरिंगचे काम झाले असेल, तर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदलून फिल्टरच्या घड्या पुन्हा एकदा उजेडात पाहाव्यात.